अकरा बरी वर्षं

माझ्या सासऱ्यांनी त्रेचाळीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला आहे. पडला तरी मोजला, नाही पडला तरी मोजला. त्यांच्या गावाच्या कोरड्या भागात न पडण्याचेच दिवस जास्त, त्यामुळे त्यांच्या वह्यांत पानंच्या पानं ‘निरंक’ या एकाच शब्दानं भरलेली आहेत. ते चित्रकलेचे मास्तर, त्यामुळे प्रत्येक ‘निरंक’ असा काढलेला की चौकट करून भिंतीवर लावावा. वेधशाळा असे हौशी निरीक्षक गावोगाव नेमते, त्यांना एक नरसाळं, एक बाटली, एक मापाची काचेची नळी आणि एक वही देते, आणि मग बहुतेक वेळा विसरून जाते.

मी त्याच वेधशाळेत आकडे तपासते. लोकांनी मनापासून लिहिलेल्या आकड्यांवर संशय घ्यायचा हे माझं काम. नवरा म्हणतो, हिला नोकरीत काही शिकवावं लागलंच नाही. त्याच्याकडे मी दुर्लक्ष करते, कारण तो दातांचा डॉक्टर आहे आणि समोरच्याला तोंड उघडं ठेवून ऐकायला लावायची त्याला सवय आहे.

यंदा आमच्याकडे त्या सगळ्या भागाच्या पावसाचं जाडजूड पुस्तक करायचं ठरलं. कुठं किती पडत होता, आता किती पडतो, हवा तापली तसा काय फरक पडला, सगळं आकड्यांत. त्यासाठी प्रत्येक केंद्राचा पाऊस आसपासच्या पाच केंद्रांशी ताडून बघतात. माप प्रामाणिक असेल तर कागदावर सरळ रेघ येते. सासऱ्यांच्या केंद्राची रेघ मी मुद्दाम शेवटी काढली, जेवणानंतर गोड खावं तशी. तर त्या रेघेला पोक.

पहिली अकरा वर्षं सरळ. बाराव्या वर्षी रेघ वर चढते, अकरा वर्षं तशीच चढलेली राहते, आणि तेविसाव्या वर्षी खाली येऊन परत पहिल्या वळणावर जाते. आकड्यांत सांगायचं तर आधी वर्षाला सरासरी चारशे बारा मिलिमीटर, मधे चारशे सत्तर, आणि त्यानंतरची एकवीस वर्षं तीनशे अडतीस. शेजारच्या पाचही केंद्रांवर अशी सुबत्ता कुठंच नव्हती. त्यात मला आणखी एक खटकलं. त्या अकरा वर्षांत पावसाचे दिवस वाढले नव्हते, उलट कमीच झाले होते. पहिल्या वर्षांत चौतीस, मधल्या वर्षांत एकतीस, आता एकवीस. दिवस कमी आणि पाऊस मात्र भरपूर, तोही नेमका माझ्या सासऱ्यांच्या अंगणापुरता.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी कागद पाहिला. “कारण सापडलं तर दुरुस्त करून घेऊ. नाही सापडलं तर केंद्र वगळायचं. महिन्याअखेरपर्यंत.”

“त्रेचाळीस वर्षांचं काम आहे, मॅडम.”

“म्हणूनच महिनाअखेर म्हटलं. दुसऱ्याचं असतं तर आजच वगळलं असतं.”

मला रडू आलं, आणि ते काही केंद्रासाठी नव्हतं. या पोकावर आमचं घर अडलं होतं.

सासऱ्यांच्या गावाला पाण्याचा टँकर पाच दिवसांनी येतो. पाइप अंगणाच्या फाटकापर्यंतच पोचतो, तिथून बादल्यांनी पाणी आत आणायचं. बाबा, म्हणजे सासरे, पंचाहत्तरीचे, त्यांच्या हृदयाला डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलेली. उरल्या आई, माझ्या सासूबाई, वय बहात्तर, पाठीचे दोन मणके एकमेकांवर घासलेले. आम्ही तीन-चार वर्षं मागं लागलो होतो की आमच्याकडे राहायला या, खोली रिकामी आहे, नळाला दिवसभर पाणी असतं. आईंना यायचं होतं. त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “मला नको वाटतं गं आता हे. पण ह्यांना सोडून येणार नाही, आणि हे येणार नाहीत.”

बाबा येत नव्हते कारण त्यांचा एक सिद्धांत होता. पाऊस फेऱ्यानं येतो. अकरा वर्षं कमी, मग अकरा वर्षं बरी. मग बावीस कमी, की पुढं बावीस बरी. पुरावा स्वतःच्या वह्यांत, स्वतःच्या हातचा. त्यांच्या हिशेबानं यंदाचं बाविसावं कमी वर्ष, म्हणजे बऱ्या वर्षांची पाळी पुढच्याच वर्षी लागत होती, आणि एकदा लागली की आईंच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत विहिरी तुडुंब. “आत्ता घर सोडायचं म्हणजे पाहुणा दारात आल्यावर कुलूप लावून जायचं,” असं ते म्हणत. मी आकडेवाली असूनही गप्प बसायचे, कारण त्या अकरा वर्षांचं मला उत्तर देता येत नव्हतं.

मी चार दिवसांची रजा काढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाबांबरोबर अंगणात उभी राहिले. त्यांनी नरसाळं उचललं, बाटली काढली, उलटी करून नळीत ओतली. काहीच पडलं नाही. तरी त्यांनी नळी डोळ्यांच्या रेषेत धरून श्वास रोखून पाहिली.

“बाबा, कोरडी आहे हे इथून दिसतंय.”

“दिसणं वेगळं, मोजणं वेगळं,” ते म्हणाले आणि आत जाऊन वहीत एक देखणा ‘निरंक’ काढला. त्यांच्यावर चिडावं तर चिडता येत नाही. मला ह्या माणसाबद्दल लग्नाच्या पहिल्या दिवसापासून माया आहे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी मला दागिने नाही दाखवले, वह्या दाखवल्या.

मी सगळं तपासलं. झाड वाढलं असेल, भिंत उठली असेल, नरसाळं हलवलं असेल. त्यातलं काही झालं नव्हतं. नरसाळं पहिल्या दिवसापासून त्याच चौथऱ्यावर, तेच पितळी. शेजारी शिंपीणबाई राहतात, त्यांच्याकडून टेप आणून मी त्याचं तोंड मोजलं: बरोबर वीस सेंटीमीटर. वापरातली नळी एकवीस वर्षांपूर्वी वेधशाळेच्या तपासनिसानं बदलून दिलेली, जुनीच्या रेघा पुसट झाल्या म्हणून. तिच्या बुडावर बारीक अक्षरांत वीस कोरलेलं होतं. सगळं जिथल्या तिथं. मला स्वतःचाच राग यायला लागला.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. मी आईंना उठू दिलं नाही, बावीस बादल्या मीच आत आणल्या, आणि स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसले ते उठवेना. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. डाळीचं पातेलं गॅसवर होतं, आणि पाणी घालायला त्यांनी फळीवरून एक उभट काचेचं भांडं घेतलं. दोन भांडी पाणी ओतून ते माझ्या शेजारी ठेवलं. मी सहज उचललं. अंगावर पुसट रेघा होत्या, पण बोटानं चाचपल्यावर खाचा लागत होत्या. बुडावर अठरा कोरलेलं होतं.

“आई, ही नळी कुठली?”

“कुठली म्हणजे? ह्यांचीच जुनी. नवी आली तेव्हा टाकून देत होते, मी ठेवून घेतली. डाळीला बरोब्बर दोन लागतात.”

“बुडाला अठरा लिहिलंय.”

“असेल.”

शेंगा सोलायचा वेग वाढला. माझ्या सासूबाईंना खोटं बोलता येत नाही. त्या फक्त भराभर काम करायला लागतात.

“आई, ही पहिल्यापासूनची नळी नाही ना?”

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं. “बत्तीस वर्षं झाली, कुणाला बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “हे चार दिवस बहिणीकडे गेले होते. जाताना दहादा सांगून गेले, नळी जपून. धुताना हातातून सुटली. मला घामच फुटला. शेतकी शाळेच्या अडगळीत तशा पडलेल्या असतात असं ऐकलं होतं, तशीच उन्हात चालत गेले आणि तिथल्या भांडारवाल्याच्या हातापाया पडून ही आणली. दिसायला हुबेहूब होती. ह्यांना आजवर कळलं नाही.”

“एवढ्याशा नळीसाठी बाबा काय बोलले असते?”

“बोलले नसते. तेच तर. गप्प बसून काच गोळा केली असती. ते मला बघवलं नसतं.”

मी त्यांना समजावून सांगितलं. नळीवरच्या रेघा म्हणजे नुसत्या रेघा नसतात, त्या एका ठरावीक नरसाळ्यासाठी आखलेल्या असतात. ही नळी अठरा सेंटीमीटरच्या नरसाळ्याची, बाबांचं नरसाळं वीसचं. तोंड मोठं, म्हणून पाणी जास्त जमणार, आणि ते लहान तोंडाच्या नळीनं मोजलं की पाऊस वाढून दिसणार. दोन्ही तोंडांच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर शंभर पडला की नळी एकशे तेवीस सांगणार. रोज, अकरा वर्षं, तपासनीस नवी नळी देईपर्यंत.

आईंनी नळी उलटी करून ते अठरा बोटानं चाचपलं. डाळ उतू गेली ती मीच उतरवली.

“म्हणजे ती बरी वर्षं,” त्या म्हणाल्या.

“नव्हती बरी. आधीपेक्षा थोडी वाईटच होती. फेरा वगैरे काही नाही, आई. पाऊस पहिल्यापासून उतरतच आलाय.”

“आणि हे त्याच वर्षांच्या भरवशावर इथं बसलेत.”

“हो.”

“आणि मी बादल्या उचलतेय.” त्या हसल्या. त्यांनीच आणलेल्या नळीनं त्यांना इथं डांबून ठेवलं होतं. मी म्हटलं, बाबांना मी सांगते, ऑफिसातून सापडलं म्हणते, तुमचा विषयच काढत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले.

“मी फोडली, मी सांगेन. तू फक्त ते अठरा-वीसचं सांग, ते मला नीट यायचं नाही.”

सांगणार होत्या जेवताना. जेवताना त्यांनी बाबांना दोनदा भाजी वाढली आणि शिंपीणबाईंच्या मशीनच्या पट्ट्याबद्दल बोलत राहिल्या. मग म्हणाल्या दुपारी. दुपारी बाबा झोपले. ह्या माणसाची पुढची बावीस वर्षं आम्ही दोघी मिळून काढून घेणार होतो. शेवटी चारच्या चहाला आईंनी कपाऐवजी ती नळीच बाबांच्या पुढ्यात ठेवली.

“अहो, ही तुमची नाही. तुमची मी फोडली. तुम्ही बहिणीकडे गेला होतात तेव्हा.”

बाबांनी नळी उचलली, उलटी केली, अठरा वाचलं. मी तोंड उघडलं, पण मला काही सांगावंच लागलं नाही. ते उठून अंगणात गेले, वापरातली नवी नळी घेऊन आले आणि तांब्यातलं पाणी तिच्यात बरोबर दहाच्या रेघेपर्यंत भरलं. मग एक थेंबही न सांडता ते जुन्या नळीत ओतलं. डोळ्यांच्या रेषेत धरलं. श्वास रोखला. खाचांवरून अंगठा फिरवत मोजलं.

“बारा पूर्णांक तीन,” ते म्हणाले.

पुन्हा ओतलं. पुन्हा बारा पूर्णांक तीन. तिसऱ्यांदा त्यांनी ओतलं तेव्हा थोडं सांडलं, म्हणून चौथ्यांदा ओतलं. आमच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मग ते कपाटाकडे गेले आणि अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

“शून्य दशांश एकाहत्तर ना गं?” त्यांनी मला विचारलं.

“एक्याऐंशी, बाबा. शून्य दशांश एक्याऐंशीनं गुणायचं.”

“हां. एक्याऐंशी.” बाबा आकड्यात चुकल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, हे काम मी कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत करते. ते म्हणाले, माझ्या हातानं लिहिलंय, माझ्याच हातानं खोडेन. पावसाच्या नोंदी तीनशे छत्तीस होत्या. उरलेला दिवस आणि पुढची सगळी सकाळ ते दोघं टेबलापाशी बसले. आई जुना आकडा वाचायच्या, बाबा गुणायचे आणि लाल शाईनं वर नवा लिहायचे. मी बाजूला बसून तपासत होते आणि चूक सापडत नव्हती.

“एकोणीस पूर्णांक सहा,” आई वाचायच्या. “ह्या दिवशी छपराचा पत्रा उडाला होता.”

“पंधरा नऊ.”

“आठ पूर्णांक दोन. ह्याला गोवर होता तेव्हा.” ‘ह्याला’ म्हणजे माझ्या नवऱ्याला.

“सहा सहा.”

“शहाण्णव,” आई म्हणाल्या आणि थांबल्या. ती नोंद सगळ्या घराला पाठ होती. शहाण्णव मिलिमीटर, एका दिवसात. त्या दिवशी बाबा अंगणातून ओरडत आत आले होते आणि त्यांनी शाळेला दांडी मारली होती, आयुष्यात एकदाच.

बाबांनी दोनदा गुणलं. “सत्याहत्तर आठ.”

“तेवढाही पुष्कळ होता,” आई म्हणाल्या.

“पुष्कळ होता,” बाबांनी मान डोलावली आणि लाल शाईत लिहिलं.

बेरजा झाल्या. चारशे सत्तर होते तिथं तीनशे एक्याऐंशी उरले. मी नवी रेघ काढून त्यांच्यापुढं ठेवली. पोक गेलं होतं. शेजारच्या पाच केंद्रांशी रेघ अशी जुळत होती की आमच्या विभागप्रमुख बाईंनासुद्धा नाव ठेवायला जागा नव्हती. त्याच्या खाली मी तिन्ही काळांचा वार्षिक सरासरी पाऊस मांडला होता: चारशे बारा, तीनशे एक्याऐंशी, तीनशे अडतीस. चित्रकलेच्या मास्तरांना उतार म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

“कुठंच वर येत नाही,” ते म्हणाले.

“एखादं वर्ष येईल, बाबा. पण फेरा नाही. आणि पडेल तो थोड्या दिवसांत, धो धो. आता सगळीकडचीच हवा तापलीय.”

शेरा लिहायचा राहिला होता. पहिल्या वहीच्या समासात त्यांनी लिहायला घेतलं, मोठ्यानं म्हणत: “नळी बदलली गेल्यामुळे मापात दोष. जबाबदारी निरीक्षकाची.”

“थांबा,” आई म्हणाल्या. “निरीक्षकाची काय म्हणून?”

“मग कुणाची? रोज हातात घेत होतो. बुडाला बघितलं नाही. माझीच.”

“नळी मी फोडली. त्या जागी दुसरी मी आणली. तसं लिहा.”

“अगं, सरकारी वही आहे. कायमची राहते. त्यात तुझी चूक कशाला?”

“राहू दे की कायमची. त्रेचाळीस वर्षांत तुम्ही आजारी पडलात, गावाला गेलात, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही वही कोणी भरली? माझ्या आकड्यांवरही सही तुमचीच. आता एकदा तरी माझं नाव येऊ दे. चुकीत का होईना.”

बाबांनी टाक खाली ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, कारण दुसरीकडे कुठं बघावं कळत नव्हतं. मग टाक चालल्याचा आवाज आला, बराच वेळ. नंतर मी ती नोंद वाचली. त्यात नळी कोणी फोडली, दुसरी कोणी आणली ते होतं, आईंच्या पूर्ण नावासकट. आणि त्याखाली, त्याच ठळक देखण्या अक्षरांत, आईंनी घेतलेल्या नोंदींच्या तारखा होत्या. बाबांना त्या तोंडपाठ होत्या. एकशे बारा दिवस.

आईंनी वाचलं. “अक्षर बरं आलंय,” एवढंच म्हणाल्या.

बाबांनी वही मिटली, चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला. मला वाटलं ते आता पावसाबद्दल काही बोलतील.

“न पडलेल्या पावसाची वाट बघायला लावली मी तुला,” ते आईंना म्हणाले. “बादल्या उचलायला लावल्या. पाठ गेली तुझी.”

“नळी मी फोडली होती.”

“नळी फोडलीस. हट्ट माझा होता.” त्यांनी चष्म्यानंच अंगणातल्या नरसाळ्याकडे खूण केली. “शिंपीणबाई माप घेतील का गं, शिकवलं तर?”

“घेतील. टेपवर एक दोराही इकडं-तिकडं होऊ देत नाहीत त्या.”

“मग जाऊ या,” बाबा म्हणाले. “मुलाकडे. आवरायला किती दिवस लागतील?”

“पेटी भरलेली आहे.”

बाबांनी चष्मा लावला आणि त्यांच्याकडे बघितलं. “कधी भरलीस?”

“तीन वर्षं झाली. मधून मधून कपड्यांना ऊन दाखवते आणि परत घालून ठेवते.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. प्रत्येक दिवाणखान्यात एक पेटी असते, तिच्यावर टेबलक्लॉथ असतो, आपण त्यावर पेपर ठेवतो. मीही चार दिवस ठेवत होते. बाबा त्या पेटीकडे बघत राहिले. मग, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं, त्यांनी हळूच विचारलं, “माझेही आहेत त्यात?”

“तुमचे खाली आहेत,” आई म्हणाल्या. “आधी तुमचेच भरले. माझे मावले तेवढे वरून.”